पत्रा का बोलेना?

वर्गात विभक्तीचे प्रत्यय आणि संधीचे नियम शिकवणाऱ्या माणसाने बंदुकीवर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विपरीतच वाटेल. आमच्या सौभाग्यवतींनाही वाटले. "दिवाळी अंकासाठी निदान फराळावर तरी लिहा," असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु गेल्या वर्षी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात जे काही चालले होते, त्यात फराळाचा नंबर बराच खाली होता. पहिला नंबर बंदुकीचा होता. माझ्या उजव्या अंगठ्याचे नख त्याची साक्ष अजून देते.

बंदूक म्हटल्यावर कोणी दचकू नये. ही छऱ्याची बंदूक. जत्रेत फुगे फोडायला असते तिचीच थोरली बहीण. मधोमध मोडायची, नळी खाली ओढायची, छर्रा घालायचा, नळी वर आणून बंद करायची आणि चाप ओढायचा. दारू नाही, धूर नाही. आमच्या तीर्थरूपांनी ती १९७६ साली घेतली. तिच्यावर कारखान्याचे नाव होते म्हणतात. पण हाताने घासून घासून ते माझ्या लहानपणीच पुसले गेले होते.

आता आमच्या गावाविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. अमरावती जिल्ह्यात चांदुरे दोन. एक चांदूर रेल्वे आणि दुसरे आमचे चांदूर बाजार. त्यांच्याकडे रेल्वे आणि आमच्याकडे बाजार, अशी वाटणी पूर्वजांनी करून ठेवलेली. पुढे नरखेडच्या बाजूने लोहमार्ग झाला आणि आमच्याही गावाला स्टेशन मिळाले. पण नावे काही बदलली नाहीत. बाहेरगावचा माणूस अजूनही या दोहोंत हटकून घोटाळा करतो.

आमच्या या बाजूला, म्हणजे चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड या टापूत, संत्र्याचे बगीचे. बाबांचा बगीचा तीन एकरांचा, आणि त्याला लागून ज्वारीचा एक तुकडा. कापसाच्या आणि सोयाबीनच्या दिवसांत ज्वारी कोणी फारशी पेरत नाही. पण बाबा पेरतात. "भाकर काय सोयाबीनची करू काय?" असे विचारतात. ज्वारी निसवली, दाणा भरू लागला, की राघूंचे थवे उतरतात. हिरव्या कणसांवर हिरवे राघू, दिसतही नाहीत. नुसता कलकलाट ऐकू येतो आणि खाली अर्धवट खाल्लेल्या दाण्यांचा सडा पडतो.

माझ्या आजोबांच्या हातात यासाठी गोफण असे. बाबांनी बंदूक घेतली. परंतु तिने त्यांनी आजवर एकही पाखरू मारलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राघूला संरक्षण आहेच. पण बाबांना तो कायदा ठाऊक होता म्हणून नव्हे. "दाण्यासाठी जीव घेतला तं दाणा गोड कसा लागन?" एवढाच त्यांचा कायदा. त्यांची रीत वेगळी होती. ज्वारीच्या पलीकडच्या धुऱ्यावर बाभळीच्या फांदीला तारेने एक टिनाचा पत्रा टांगलेला. मागे मातीचा उंच बांध, म्हणजे चुकलेला छर्रा मातीत जाईल. मचाणापासून पत्रा पन्नास पावलांवर. राघू उतरले की बाबा नेम धरीत, चाप ओढीत, आणि पत्रा "टण्ण" करी. त्या आवाजासरशी सगळा थवा भर्रकन उठे. पत्रा सैल टांगलेला असल्याने छर्रा चपटा होऊन खाली पडे. शाळेला सुट्टी असली की ते चपटे छर्रे वेचून आणणे हे माझे काम. शंभर छऱ्यांना बाबा एक पेपरमिंट देत.

तर गेल्या वर्षी नवरात्रात बाबा वावरातून दुपारीच परत आले. बंदूक भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसले.

"काय झालं बाबा?"

"पत्रा बोलून नाही राह्यला."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! मारतो, पण बोलत नाही. राघूबी उडत नाहीत. पाहून राह्यले माह्याकडे." थोड्या वेळाने म्हणाले, "हात गेला माहा. आता मी कायले जाऊ वावरात?"

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस. चाळीस वर्षे सकाळी सहाला वावरात पोचणारा. तो दहा वाजेपर्यंत पांघरूण घेऊन पडू लागला. टीव्ही मोठ्याने लावायचा आणि त्याच्याकडे पाहायचे नाही. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. तो ठीक निघाला. तेव्हा माझ्या डोक्यात आले, की हात गेला की बंदूक गेली, हे आधी पाहिले पाहिजे.

मी आणि चिरंजीव बंदूक घेऊन परसात गेलो. चिरंजीव नववीत. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोला दहा मीटर एअर रायफलमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हापासून त्याच्या खोलीच्या भिंतीवर क्रिकेटपटूंच्या शेजारी एका नेमबाजाची भर पडली आहे. दहा मीटरांवरच्या त्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, ही माहिती त्याने मला जेवताना निदान वीस वेळा दिली असेल. त्या स्पर्धेतल्या बंदुका निराळ्या. त्यांत आधीच दाबून भरलेली हवा असते. आमची बंदूक म्हणजे त्यांची खेडवळ आत्या.

आम्ही मातीच्या ढिगाऱ्यासमोर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. पंधरा पावलांवरून मी मारले. छर्रा डब्याला लागला, "टप्" असा आवाज झाला आणि तो डब्याच्या पायाशी पडला. डब्याला साधा पोचादेखील आला नव्हता. म्हणजे हात शाबूत होता. दम बंदुकीचा गेला होता. मी धावत जाऊन बाबांना सांगितले. ते टीव्हीकडे पाहत म्हणाले, "माहं मन राखू नको."

इथून पुढे आमच्या शहाणपणाची कथा सुरू होते. पण ती कळायला ही बंदूक चालते कशी, हे थोडे समजून घ्यायला हवे.

सायकलचा पंप सर्वांनी हाताळलेला असतो. पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून दट्ट्या जोराने लोटला, की आतली हवा कोंडते, पंप गरम होतो आणि अंगठा मागे ढकलला जातो. बंदुकीत नेमके हेच घडते. फक्त हाताऐवजी तिथे स्प्रिंग असते. नळी खाली ओढली की तिला जोडलेली दांडी आतला दट्ट्या मागे रेटते. मोठी स्प्रिंग दबते आणि चापाजवळचा एक लहानसा आकडा त्या दट्ट्याला धरून ठेवतो. चाप ओढला की आकडा सुटतो, दट्ट्या पुढे झेपावतो, हवा क्षणार्धात दाबली जाते आणि एका बारीक छिद्रातून नळीत शिरून छऱ्याच्या बुडाला धक्का देते. चुलीपुढची फुंकणीच ही; फुंकणारे तोंड तेवढे लोखंडाचे.

छऱ्याचे वजन साधारण अर्धा ग्रॅम. तो सेकंदाला दोनशे मीटर वेगाने सुटला, तर त्याच्यात दहा ज्यूल शक्ती असते. वेग निम्म्यावर आला तर शक्ती निम्मी होईल असे आपल्याला वाटते. पण ती पावपट होते, अडीच ज्यूल. पत्रा एकाएकी मुका का झाला, याचे गणित यात आहे. थोडीशी हवा निसटली तरी नुकसान भरमसाट.

हवेची बंदूक हे काही पोरखेळ म्हणून जन्माला आलेले यंत्र नव्हे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक स्वीकारली होती. तिच्यात एका वेळी वीसएक गोळ्या राहत आणि दस्त्यातली हवा हातपंपाने भरावी लागे. १८०४ साली अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीतही अशी एक बंदूक होती. मोडून भरायच्या बंदुकांचे नाव जगभर केले ते जर्मनीतल्या रास्टाट गावच्या कारखान्याने. तो १८९० साली निघाला आणि त्याने रोमन लोकांच्या शिकारीच्या देवीचे, डायानाचे, नाव घेतले. त्यांच्या छापावरची देवी हातातले धनुष्य टाकून देते आणि बंदूक उंच धरते. आपल्याकडेही वालचंद हिराचंदांनी १९२६ साली स्थापन केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने सिमेंटच्या नळांबरोबर पुढे छऱ्याच्या बंदुकाही केल्या. नळ करणाऱ्याला नळीचे काय अवघड!

असो. बंदुकीत दम नाही, एवढे कळल्यावर चिरंजीवांनी निदान केले: "पप्पा, तेल संपलं असेल." वय चौदा, आत्मविश्वास सत्तरीचा. त्याने आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि त्या बारीक छिद्रातून चांगले दहा-बारा थेंब आत सोडले. मी अडवले नाही. कारण मलाही ते पटले होते. प्राध्यापकाला आपल्या विषयाबाहेरचे काहीही चटकन पटते.

पुढचा बार झाला तेव्हा शेजारची म्हैस दावे तोडून पळाली. फटाक्यासारखा आवाज, नळीतून धूर आणि डब्याला आरपार भोक! चिरंजीव नाचू लागले. मीही मनातून खूश झालो. चार-पाच बार असेच दणदणीत झाले. मग आवाज लहान होत गेला आणि तिसऱ्या दिवशी बंदूक पूर्वीपेक्षाही मवाळ झाली. आता तर छर्रा नळीतच अडकून बसू लागला. तो मागून सळईने हलकेच ढकलून काढावा लागे.

काय झाले होते ते मला मागाहून कळले. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. आमच्या बंदुकीचे आम्ही चार दिवस डिझेल इंजिन केले होते. पेटणाऱ्या तेलाचा दणका दट्ट्यावर उलटा बसतो. स्प्रिंगला इजा होते, चामड्याचे वायसर करपतात. जोर वाढला असे वाटते, तो बंदुकीने स्वतःची हाडे जाळून दिलेला असतो. ज्यांच्या घरी अशी बंदूक असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की दट्ट्याच्या पुढच्या पोकळीत मशीनचे तेल कधी ओतू नये.

यानंतर निदान केले मी: स्प्रिंग गेली. हे निदान करायला काहीच लागत नाही. दम गेला की लोक स्प्रिंगवर खापर फोडतात, जसे पोर नापास झाले की मराठीच्या मास्तरावर. मी मुंबईहून जास्त ताकदीची नवी स्प्रिंग मागवली. पैसे गेले, आठ दिवस गेले, स्प्रिंग येईना. चौकशी केली तर पार्सल चांदूर रेल्वेला जाऊन पडलेले! त्या दिवशी मी पार्सलवाल्यांना बरेच बोललो. आज वाटते, त्यांना पेढे द्यायला हवे होते. स्प्रिंग वेळेवर आली असती तर मी बंदूक घरीच खोलली असती, आणि मग हा लेख दुसऱ्या कोणाला तरी सांगून लिहून घ्यावा लागला असता.

स्प्रिंगची वाट पाहता पाहता मी स्वस्थ बसलो नाही, हीच चूक. चापाजवळ एक बारीक स्क्रू दिसला. तो दोन फेरे फिरवला तर चाप लोण्यासारखा हलका झाला. मला फार हुशारी वाटली. मी चिरंजीवांना हाक मारली, नळी खाली ओढली, आकडा अडकल्याचा "खट" आवाज ऐकला आणि नळी हातातून सोडून दिली. छर्रा घालायचे काम त्याचे. त्याने बोट पुढे केले, तेवढ्यात आतून आई ओरडली, "चहा निवतोय!" तो वळला. मी म्हटले, आपणच घालावा. छर्रा चिमटीत धरून अंगठा नळीच्या तोंडाशी नेतो न नेतो, तोच नळी फटकन वर आली.

अंगठ्याच्या टोकाला ओझरता तडाखा बसला. पुरते बोट सापडले असते तर तुटलेच असते. नख काळेनिळे झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण मला त्याचे काहीच वाटले नाही. मी चिरंजीवांच्या बोटाकडे पाहत होतो. त्या बोटाने तो चहाच्या कपातली साय काढत होता.

तो स्क्रू म्हणजे आकडा किती खोल अडकावा याची मापणी होती. मी फिरवल्यावर आकडा केसभरच अडकत होता. चापाला हात न लावता सुटला. म्हणून ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना हात जोडून सांगतो: नळी खाली ओढल्यापासून छर्रा घालून पुन्हा बंद होईपर्यंत एका हाताने ती घट्ट धरून ठेवावी, क्षणभरही सोडू नये. आणि त्या स्क्रूला शहाणपण शिकवू नये. साडेचार मिलिमीटर छऱ्याच्या आणि वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे असे समजू नये. डोळा फोडायला तिला परवान्याची गरज पडत नाही.

सौभाग्यवतींनी अंगठ्याला हळद लावली. एक शब्द बोलल्या नाहीत. बंदूक उचलली, पलंगाच्या पेटीत ठेवली, कुलूप घातले आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. रात्री जेवण झाल्यावर म्हणाल्या, "माझं मशीन ज्यांनी सुधारलं, त्या परतवाड्याच्या मिस्त्रींकडे न्या. नाहीतर ती पेटीतच राहील."

दुसऱ्या दिवशी बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून मी एस्टीत बसलो. शेजारच्या गृहस्थांनी तो लांबोडका आकार न्याहाळला आणि विचारले, "सर, भजन कुठी आहे?" मी म्हणालो, "परतवाड्याले." आजवर वर्गात इतके सफाईने खोटे बोललो नव्हतो. अचलपूर मागे पडले. इमादशाहीची ही राजधानी. पलीकडे गाविलगड, जो १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने तोफांनी भगदाड पाडून घेतला. त्या गडावर अजून जुन्या तोफा पडलेल्या आहेत. त्यांना कधी काही बिघाड झाला, तर त्या काळचे सरदारही आधी दारूच वाढवत असतील, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

मिस्त्रींचे दुकान एका बोळात. कुलपे, स्टोव्ह, शिलाई मशीन, तराजू. जे जे लोखंडाचे आणि रुसलेले, ते ते तिथे. वय बाबांच्या आगेमागे. त्यांनी चादर उलगडली आणि पहिला प्रश्न केला, "सर, तुमी हे खोललं तं नाही ना?"

"नाही. खोलणार होतो."

"बरं झालं. आत स्प्रिंग दाबून बसवेल राहते. मागचं बूच ढिलं केलं की गोळीवानी येते बाहेर. अमरावतीचा एक जण डोळा घालवून बसला." मग म्हणाले, "आता सांगा, काय काय केलं?"

मी तेल, स्क्रू, स्प्रिंग, सगळे कबूल केले. वर्गात मी पोरांना इतक्या वेळा कबूल करायला लावले आहे, की त्याचा अनुभव घेणे बरेच झाले.

त्यांनी घाई मुळीच केली नाही. आधी नळी मोडून आत छर्रा नाही याची खात्री केली. मग दाराच्या उजेडाकडे धरून मागच्या बाजूने नळीतून पाहिले. "नळी सरळ आहे. नशीब. अशी फटकन मिटली की नळी वाकते, दस्ता चिरते." मग दस्त्याचे तीन स्क्रू तपासले, दोन ढिले होते. ते आवळले. ढिल्या स्क्रूची बंदूक दर बाराला नेम बदलते, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला बाबा आठवले. मग नळी जिथे मोडते तिथली बिजागरी डावी-उजवी हलवून पाहिली. किंचित खेळत होती. तिचा बोल्ट पाव फेरा दिला. मी फिरवलेला चापाचा स्क्रू जाग्यावर आणला आणि तो पुन्हा कोणा प्राध्यापकाच्या हाती लागू नये म्हणून त्यावर लाखेचा थेंब सोडला.

"आता वारा कुठून पळते ते पाहू," असे म्हणून त्यांनी बिडीच्या कट्ट्यावरच्या पातळ कागदाची पट्टी फाडली. कोपऱ्यात वाळूचे पोते होते. छर्रा घातला, नळी बंद केली आणि मागचा भाग व नळी जिथे जुळतात त्या सांध्यावर ती पट्टी अलगद ठेवली. मी म्हटले, "छर्रा कशाला? रिकामीच चालवा की."

"रिकामी कधी चालवायची नाही, सर. पुढं छर्रा असला तं हवा कोंडते, अन् दट्ट्या त्या हवेच्या गादीवर येऊन थांबते. छर्रा नसला की लोखंडावर लोखंड."

बार केला. बिडीचा कागद टुणकन उडून माझ्या चष्म्यावर आला.

"हे घ्या. सापडलं."

दुसऱ्यांदा कागद ठेवला, दुसऱ्यांदाही उडाला. स्प्रिंगचा काही संबंधच नव्हता. दट्ट्या जोराने येत होता, हवा दाबली जात होती. पण नळीत शिरण्याऐवजी सांध्यातून बाहेर सटकत होती. दोन भाग जुळतात तिथे एक चामड्याचा लहानसा वायसर असतो, सदऱ्याच्या गुंडीएवढा. मिस्त्रींनी तो सुईने उकरून काढून माझ्या तळहातावर ठेवला. वाळल्या बिब्ब्यासारखा काळा आणि कडक. चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो चेपत गेला होता, आणि राहिलेला जीव आमच्या शिलाईच्या तेलाने घेतला होता. मी वीस वर्षे फळ्यावर संधी सोडवतो आहे. घरच्या बंदुकीचा संधी सुटलेला मला दिसला नाही.

जुन्या पंपाच्या चामड्यातून त्यांनी नवी चकती कापली. कापताना मोजपट्टी नव्हती. नळीचे तोंड चामड्यावर दाबून उमटलेला ठसा हेच माप. चकती त्यांच्या डबीतल्या मऊ मलमात मुरवत ठेवली. मधल्या वेळात चहा झाला. मग ती खाचेत बसवून बोट फिरवले आणि मान हलवली. चकती लोखंडाच्या बरोबरीत बसली होती. ती कागदभर वर उचललेली हवी, म्हणजे नळी मिटताना दाबली जाते. त्यांनी एक जुने पोस्टकार्ड काढले, त्याची तेवढीच चकती कापून खाली घातली आणि वर चामडे बसवले. कोणाची तरी खुशाली आमच्या बंदुकीत गेली.

पुन्हा बिडीचा कागद. बार झाला. कागद जागचा हलला नाही. पोत्यातली वाळू उडाली.

चांदूर रेल्वेहून परतून आलेली नवी स्प्रिंग मी पिशवीतून काढून पुढे केली. त्यांनी ती बोटांनी दाबून पाहिली आणि परत दिली. "हे घालू नका. म्हातारीले पैलवानाचं काळीज बसवून काय करता? वायसर फाटतीन, दस्ता तडकन. आतली आहे ते चांगली आहे." सगळ्याचे मिळून त्यांनी पन्नास रुपये घेतले. स्प्रिंगला किती पडले होते ते मी त्यांना सांगितले नाही. सौभाग्यवतींनाही अजून सांगितलेले नाही, आता त्या इथे वाचतील.

धनत्रयोदशीच्या सकाळी बाबांना वावरात चला म्हटले. ते नाही म्हणाले. चिरंजीवांनी आजोबांचा हात धरून त्यांना गाडीवर बसवले. संत्र्याच्या अंबिया बहाराला रंग चढत होता. ज्वारीत राघूंचा धुमाकूळ चालला होता. महिनाभर कोणी हाकलले नव्हते, तेव्हा ते घरच्यासारखे बसले होते.

"तू मार," बाबा मला म्हणाले.

"नाही, तुम्हीच."

त्यांनी बंदूक घेतली. नळी ओढताना हात थरथरला. पण एकदा ओढल्यावर त्यांनी ती जी घट्ट धरली, ती छर्रा घालून मिटेपर्यंत सोडली नाही. मला कोणी न शिकवलेली गोष्ट ते पहिल्या दिवसापासून करत होते. मी कधी पाहिली नव्हती, एवढेच. मचाणाच्या खांबाला टेकून त्यांनी नेम धरला. बराच वेळ धरला.

पत्रा वाजला. "टण्ण!" असा, की लहानपणीची सगळी सुट्टी माझ्या कानात एकदम वाजली. चिरंजीव टाळ्या पिटू लागले.

मी बाबांकडे पाहिले. त्यांनी बंदूक खाली केली नव्हती. डोळे पत्र्यावर, मान जराशी पुढे, तोंडावर तीच वाट पाहणारी खूण, जणू बार अजून व्हायचाच आहे. मला घरचा टीव्ही आठवला. मी काही बोलणार, तेवढ्यात ज्वारीतून हिरवा थवा भर्रकन उठला आणि कलकलत विश्रोळीच्या बाजूला वळला. बाबांची नजर त्याच्यामागे गेली. तो दिसेनासा होईपर्यंत ते पाहत राहिले.

"उडले," ते म्हणाले. "म्हंजे वाजला."

आणि त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. "आन दुसरा छर्रा."